बारशाआधीची सुई

माझ्या थोरल्या मुलीच्या बारशाची गोष्ट आमच्याकडे फार गोड करून सांगतात. कोण कसं धावलं, कुणी टेम्पो कसा मिळवला, कुणाच्या घशाखाली दोन दिवस घास उतरला नाही. मी थोडा वेळ ऐकते आणि मग काहीतरी काम काढून उठून जाते. कारण मला त्या बारा दिवसांतलं एवढंच आठवतं, की एका साध्या सुईला हो किंवा नाही म्हणायला दोन घरांत मिळून एक माणूस सापडत नव्हता. नाही म्हणाले असते तरी मी समजू शकले असते. पण तेही कुणी म्हणेना.

आणीबाणीचे दिवस होते. लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं आणि मी आकुर्डीला सासू-सासरे आणि नवरा यांच्याबरोबर दोन खोल्यांत राहत होते. नवरा तिथल्याच एका कारखान्यात तपासनीस होता. मशीनवरून उतरलेला भाग हातात घ्यायचा, मोजायचा आणि पास की बाद ते सांगायचं, हे त्याचं काम. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं म्हणून सातव्या महिन्यात माझी रवानगी चाकणला झाली. वडील तिथल्या कांद्या-बटाट्याच्या बाजारात कारकून होते. बाळंतपणासाठी त्यांनी राजगुरुनगरच्या एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात नाव घातलं होतं. त्या गावाला आमच्या घरी तेव्हा सगळे खेडच म्हणायचे, आणि खेडला नेतो म्हटलं की आईला वाटायचं आपण फार मोठ्या ठिकाणी निघालो.

मुलगी सकाळी झाली. पुसून, गुंडाळून माझ्या कुशीत दिली आणि थोड्या वेळाने डॉक्टरीणबाई स्वतः खाटेपाशी येऊन उभ्या राहिल्या. चाळिशीच्या असतील. बोलणं तुटक, पण कळेल असं. म्हणाल्या, काही बाळांचं रक्त सुरुवातीला नीट गोठत नाही, त्यासाठी जे व्हिटॅमिन लागतं ते त्यांच्या अंगात पुरेसं नसतं आणि आईच्या दुधातूनही फारसं जात नाही. व्हिटॅमिन के त्याचं नाव. मांडीत एकदा टोचलं की काम झालं. नाही टोचलं तर बहुतेकांना काही होत नाही, पण ज्याला होतं त्याच्या बेंबीतून, नाकातून रक्त यायला लागतं, आणि कधीकधी मेंदूतही उतरतं.

एरवी त्या विचारत नसत, देऊन टाकत. पण त्या वर्षी नसबंदीच्या धाकाने लोक दवाखान्याच्या सुईचं नाव काढलं तरी बिथरत होते. महिन्याभरापूर्वीच एका बाळाला सुई दिली म्हणून त्याच्या गावची दहा-पंधरा माणसं दारात येऊन बसली होती. तेव्हापासून त्यांनी नियम केला, घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय टोचायचं नाही. त्यांनी मला विचारलं, देऊ ना?

मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, ह्यांना विचारते, आणि बाहेर व्हरांड्यात गेली. वडील बाकावर बसले होते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलवली, आणि आत माझ्याशी बोलायला आले ते जिना चढून दमल्यासारखा चेहरा करून.

"पोर त्यांचं हाय," ते म्हणाले. "आपुन कोन सांगनार? उद्या काय झालं तर म्हनतील, आमाला न इचारता टोचलं."

हे ऐकून कुणालाही वाटेल की माणूस अडाणी होता. तसं अजिबात नव्हतं. बाजारातले मोठमोठे व्यापारी त्यांच्याकडे सल्ल्याला यायचे. पण लेकीच्या सासरचा विषय निघाला की वडिलांचं डोकं चालायचं बंद व्हायचं. आमच्यात रीतच तशी. बाळंतपण माहेरचं, म्हणजे दवाखाना, डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, न्हाऊ-माखू घालणारी बाई, सगळं माहेरचं. मूल मात्र सासरचं. माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांच्या एका चुलत्यांना पंगतीत ताट उशिरा वाढलं गेलं होतं, आणि ते प्रकरण दीड वर्षानंतरही मिटलेलं नव्हतं. तेव्हा सुईसारख्या गोष्टीत वडील पुढाकार घेणं शक्यच नव्हतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विचारा, पण लवकर विचारा, पहिल्या एक-दोन दिवसांतच द्यायची असते. वडील म्हणाले, उद्याच जातो आकुर्डीला, बातमी द्यायला जायचंच आहे.

आणि ते गेले. चाकणहून एसटीने नाशिक फाट्याला, तिथून दुसऱ्या बसने आकुर्डीला, हातात बर्फीचा पुडा. मुलगा असता तर पेढे नेले असते. संध्याकाळी परत आले तेव्हा खूश होते. विहीणबाईंनी जेवूनच जायचा आग्रह केला, व्याह्यांनी बसथांब्यापर्यंत सोबत केली, ताटाचा विषय कुणी काढला नाही. मी विचारलं, आणि सुईचं काय म्हणाले? त्यावर वडील जरा चाचरले. मग एकेक करून बाहेर काढलं तेव्हा कळलं, की त्यांनी सरळ विचारलंच नव्हतं. निघता निघता चपला घालताना एवढंच म्हणाले होते, की डॉक्टरीणबाई काय ती सुई-बिई म्हणत होत्या. सासूबाई म्हणाल्या, "बाळंतीण तुमच्याकडे आहे, तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

वडिलांच्या मते याचा अर्थ नाही असा होता. मनात असतं तर सरळ हो म्हणाल्या असत्या, हे त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, नाही म्हणायचं असतं तरी सरळ म्हणाल्या असत्या. आई मध्ये पडली, बाळंतिणीनं एवढं बोलू नये, दूध आटतं.

तिसऱ्या दिवशी आम्हाला घरी सोडलं. निघताना डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं. वडील म्हणाले, निरोप दिलाय, उत्तर यायचंय. डॉक्टरीणबाईंनी हात जोडले नाहीत एवढंच. म्हणाल्या, उत्तर आलं की घेऊन या, केव्हाही देईन, आणि कुठूनही रक्त दिसलं तर उत्तराची वाट बघू नका.

घरी आल्यावर मी नवऱ्याला आंतर्देशीय पत्र लिहिलं. सगळं लिहिलं. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, कशासाठी सुई, नाही दिली तर काय होऊ शकतं. शेवटी लिहिलं, तुम्ही हो म्हणा, मी देऊन आणते. तो स्वतः येऊ शकत नव्हता. बारशाआधी बापाने मुलीचं तोंड बघू नये, असा सासूबाईंचा दंडक होता. त्यांच्या घरात तो किती पिढ्या चालत आला होता कुणास ठाऊक. मला शंका आहे की तो त्याच वर्षी सुरू झाला.

पाचवी झाली. सुपात नारळ, पाटा-वरवंट्याची पूजा, सगळं यथासांग. शेजारची चुलती मुलीला बघायला आली आणि सुईचं ऐकून तोंडाला पदर लावून बसली. म्हणाली, सरकारच्या दवाखान्यातली सुई घेतली की पोरीला पुढं लेकरूच होत न्हाई, आमच्या वस्तीवर समद्यांना म्हाईत हाय. मी म्हटलं, दवाखाना सरकारचा नाही, डॉक्टरीणबाईंचा स्वतःचा आहे. त्यावर ती म्हणाली, मग त्यांना सरकारनंच बसवलं असंल. आईने तिच्यापुढे चहा ठेवला. मी भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेतलं.

सातव्या दिवशी नवऱ्याचं पत्र आलं. अक्षर सुंदर, एकही खाडाखोड नाही. मुलीचा रंग कोणावर गेलाय, नाक कसंय, अशी चौकशी, ओव्हरटाइममुळे दम नाही अशी तक्रार, आणि मग: "सुईबद्दल आईशी बोललो. ती म्हणाली, तुझ्या माहेरच्यांना योग्य वाटेल ते त्यांनी करावे. मलाही तसेच वाटते. तब्येतीला जप."

मी ते पत्र आईपुढे फेकलं. दिवसभरात शेकडो तुकड्यांवर पास आणि बादचे शिक्के मारणारा माणूस, त्याला स्वतःच्या मुलीच्या बाबतीत एक शिक्का उठवता येईना. वडिलांना पत्र वाचून दाखवलं तर ते म्हणाले, बघ, मी म्हनलो न्हवतो, त्यांच्या मनात न्हाई. मी त्यांना म्हटलं, दादा, ते तुमच्यावर सोपवतायत. तर म्हणाले, सोपवनं वायलं आनि मनात असनं वायलं.

मग मी रडले, आणि ते बघून आईने ठरवलं की मला बाळंतवारा झालाय. माझ्या कानात कापसाचे बोळे आले. कुणी काही बोललं तरी ते मला धड ऐकू येईना, हा त्यातल्या त्यात फायदा.

मुलगी तोवर छान होती. पीत होती, झोपत होती. बेंबीची नाळ थोडी उशिरा गळून पडली, जागा जरा ओली राहायची, पण आई म्हणाली, असतं असं. दररोज सकाळी मी तिला उघडं करून नखशिखांत बघायची, कुठे रक्त दिसतंय का. नाही दिसलं की मला हायसं वाटायचं आणि मग माझाच मला राग यायचा, की आपणही या लोकांसारखंच नशिबावर ढकलून मोकळं होतोय.

बाराव्या दिवशी आकुर्डीची मंडळी एक टेम्पो करून आली. सासू-सासरे, नवरा, दोन नणंदा. अंगणात पाळणा बांधला होता, चुलीवर लापशी शिजत होती. नवऱ्याने मुलीला पहिल्यांदा बघितलं आणि त्याचे डोळे भरले. खरं सांगायचं तर मला तो क्षण आवडला. अगदी दोन मिनिटं मी सगळं विसरले.

मग सोनार आला. बारशालाच कान टोचायचे, ही दोन्हीकडची रीत, त्यात कुणाला कुणाला विचारायची गरज पडली नव्हती. सासूबाईंनी पिंपरीहून सोन्याची तार आणली होती. सोनाराने फडकं अंथरलं, सुई काढली, तेलात बुडवली. माझ्या डोक्यात सणक गेली. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "दवाखान्याची सुई चालली नाही, मग ही कशी चालते?"

सासूबाईंना खरंच आश्चर्य वाटलं. म्हणाल्या, नाही कोण म्हणालं? मी तर तुम्हाला योग्य वाटेल ते करा म्हटलं होतं. वडील लगबगीने म्हणाले, आमी तर तुमच्या होकाराची वाट बघत व्हतो, विहीणबाई. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि मी शपथेवर सांगते, दोघांच्याही चेहऱ्यावर समाधान होतं. आपण दुसऱ्याचा किती मान राखला याचं. सासरे म्हणाले, आता बारसं उरकू, मग निवांत बघू काय ते. सोनार सुई धरून ताटकळला होता. मी मुलगी आईच्या मांडीवर दिली. मीच दिली. ओढून कुणी घेतली नाही.

डावा कान झाला, उजवा झाला. मुलगी कळवळून रडली आणि मग दमून गप्प झाली. सोनाराने हळद लावली, विड्याचा मान घेतला आणि गेला. नणंदांनी तिला पाळण्यात घातलं. पाळणा म्हणायला सुरुवात झाली. मी वाकून बघितलं तर उशाच्या दुपट्यावर दोन्ही बाजूंना लाल डाग होते. असतं थोडं, म्हणून आईने पुन्हा हळद दाबली. नाव ठेवून झालं तोवर डाग तळहाताएवढे झाले होते. धार नव्हती. थेंब यायचा, पुसला की जरा थांबून दुसरा यायचा. खोबरेल झालं, हळद झाली, कुणीतरी चुना आणला. चुलती म्हणाली, नजर लागली. सासूबाई म्हणाल्या, पानं वाढली आहेत, मंडळी जेवून घेतील तोवर थांबेल.

मी दुपटं सोडलं. बेंबीपाशीही लंगोट ओला लाल झाला होता. तिथे तर कुणी सुई लावली नव्हती.

आता मला काय वाटलं ते मी नीट सांगू शकत नाही. भीती होतीच, पण तिच्याआधी संताप आला. मी मुलीला उचललं, कानातले बोळे काढून टाकले आणि अंगणातून सरळ बाहेर जाऊन टेम्पोत बसले. ओली बाळंतीण, डोक्याला फडकं, पायात चप्पल नाही. मागून आई हाका मारत होती. टेम्पोवाला पंगतीत बसला होता. नवऱ्याने त्याला हाताला धरून उठवलं, एवढं श्रेय मी त्याला देते. दोन्हीकडचे वडीलही मागे चढले आणि वाटेत एकमेकांना सांगत राहिले की घाबरायचं काही कारण नाही.

खेडला पोचताच डॉक्टरीणबाईंनी बाळ टेबलावर घेतलं. कान बघितले, बेंबी बघितली, टाळूवर हात ठेवला, डोळ्यांच्या पापण्या वर करून बघितल्या. ती सुई अजून दिली नाहीये ना, असं विचारलं. दोन्ही वडिलांनी घसा खाकरला, त्यावरून त्यांना कळलं. नर्सने औषध भरलं. डॉक्टरीणबाई सुई हातात घेऊन थांबल्या. त्यांचाही राग मला आला तेव्हा, पण नियम त्यांचा होता आणि माणसं आमची होती.

"कोण हो म्हणतंय?" त्यांनी विचारलं.

नवऱ्याने सासऱ्यांकडे बघितलं. सासऱ्यांनी माझ्या वडिलांकडे बघितलं. वडिलांनी टोपी काढली आणि ती हातात फिरवत म्हणाले, "व्याही म्हनतील तसं." टेबलावर माझी मुलगी होती आणि तिच्या मानेखालचं फडकं भिजत होतं.

"मी म्हणते," मी म्हटलं. "मी तिची आई आहे. द्या."

माझं बोलणं संपेपर्यंत सुई मांडीत जाऊन परत बाहेर आलीसुद्धा होती. एवढंच ते काम. मुलगी नीट रडलीही नाही, आणि तेच मला सगळ्यात भयंकर वाटलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषधाला चढायला काही तास लागतात, डोक्यात रक्त उतरलेलं नसलं तर बरी होईल. उतरलंय की नाही ते आता कळणार नाही. मी तिच्या कानांच्या पाळ्या दोन बोटांच्या चिमटीत धरून बसले. बोट काढलं की थेंब, बोट काढलं की थेंब. संध्याकाळी एकदा बोट काढलं आणि थेंब आला नाही. मी मोजत बसले, साठपर्यंत मोजलं, तरी आला नाही. तेव्हा तिने तोंड वाकडं केलं, दूध शोधायला लागली, आणि कानठळ्या बसतील अशी रडली. डॉक्टरीणबाई दारातून म्हणाल्या, हे रडणं चांगलं आहे.

दुसऱ्या दिवशी सगळे दवाखान्यात. नणंदा, चुलती, शेजारपाजारचे. व्हरांड्यात जो तो सांगत होता की माझा तर पहिल्यापासून सुईला पाठिंबा होता. वडील सांगत होते, मी मुद्दाम आकुर्डीला गेलो होतो त्याच कामासाठी. नवरा सांगत होता, मी पत्रात लिहिलं होतं, योग्य ते करा. चुलती म्हणाली, नुसत्या हळदीवर भागत न्हाई ओ आताच्या काळात. मी आत खाटेवर पडून हे सगळं ऐकत होते आणि मनात एकेकासाठी उत्तर तयार करत होते. अशी उत्तरं, की जन्मभर लक्षात राहावीत.

मग सासूबाई आत आल्या. एकट्याच. खाटेच्या कडेला बसल्या, नातीच्या डोक्यावरून हात फिरवला. रात्रभर झोपलेल्या दिसत नव्हत्या. मी सावरून बसले. आता या म्हणणार, आम्हाला न विचारता कसं काय टोचलंस. त्याचं उत्तर तर माझ्याकडे सगळ्यात धारदार होतं.

"हो कोण म्हणालं शेवटी?" त्यांनी विचारलं.

"मी."

"कुणाला विचारलंस?"

"कुणालाच नाही."

त्यांनी मान हलवली. दुपट्याचं टोक नीट खोचलं. आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता, खरोखर समजून घ्यायचं असावं तसं त्या म्हणाल्या, "मग पहिल्याच दिवशी हो का म्हणाली नाहीस गं?"

तयार केलेल्या उत्तरांतलं एकही त्याला लागू पडेना. डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा विचारलं होतं ते मलाच, माझ्या तोंडाकडे बघून, आणि मी आईकडे मान वळवली होती. मुलगी उठली. मी तिला पाजायला घेतलं, तिचा कान दाबला जाऊ नये म्हणून हात आडवा धरला, आणि सासूबाई उठून बाहेर जाईपर्यंत मान वर केली नाही.